पाहणी केली, जगंल

इंटरनेट लागताना पूर्वी जो आवाज व्हायचा, कुईं, खर्रर्र, टिंग टिंग, तो पहिल्यांदा ऐकून ड्रेसरमामा काय म्हणाले ते आधी सांगते, म्हणजे माणूस कळेल. त्यांनी कान टवकारला, टेबलाखाली वाकून कंप्यूटरच्या डब्यावर पालथा हात ठेवला, थोडा वेळ डोळे मिटले आणि गंभीरपणे म्हणाले, "पोट फुगलंय. गॅस धरलाय. पावशेर गोडंतेल पाजलं की मोकळं होतंय."

मी म्हटलं, "मामा, ते फोन लावून राहिलंय."

"लावू दे की फोन. पण गोडंतेल वाईट न्हाई," असं म्हणून ते स्टुलावर बसले. त्यानंतर तीन वर्षं ते स्टूल दुसऱ्या कुणाला मिळालं नाही.

हे गोरेगावचं. गोरेगाव म्हटलं की लोक विचारतात, पूर्व का पश्चिम? अहो बाबांनो, आमचं गोरेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. त्याला पूर्व-पश्चिम काही नाही. एक बाजारपट्टी आहे आणि एक लिंबाचं झाड, ज्याच्याखाली हिंगोलीची जीप भरते. भरते म्हणजे भरतच राहते. दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. माझ्या वडिलांचं, अण्णांचं, तिथं खताबियाण्याचं दुकान होतं. मी रोज जीपनं जाऊन-येऊन हिंगोलीला कंप्यूटरचा कोर्स पुरा केला, तेव्हा अण्णांनी युरियाच्या थप्प्या एका अंगाला सारल्या, मधे प्लायवूडचं पार्टिशन टाकलं आणि म्हणाले, "लग्न जमेपर्यंत बस इथं." बाहेर पाटी लागली, टायपिंग, झेरॉक्स, इंटरनेट. कंप्यूटर दोन होते, त्यातला एक चालायचा. बारावीच्या निकालाच्या दिवशी रांग लागायची, आणि उरलेलं वर्षभर मी आणि युरियाचा वास.

मग मी काय करायची? कवितांच्या एका संस्थळावर जाऊन बसायची. कुठकुठली मराठी माणसं तिथं कविता टाकायची आणि खाली एकमेकांना दाद द्यायची. 'अप्रतिम!' 'सुरेख!' 'शब्दच नाहीत!' हे शब्दच नाहीत म्हणणारे पुढं पंधरा ओळी लिहायचे, ते वेगळं. नावं तरी काय एकेक! चांदणवेडा, मौनराग, एकाकी मोगरा. खरं नाव कुणी सांगायचं नाही. तू माझी पाठ थोपट, मी तुझी थोपटतो, असा सगळा प्रेमाचा कारभार होता, आणि मला तो लई आवडायचा.

ड्रेसरमामा आमच्या गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. डॉक्टरसाहेब हिंगोलीहून यायचे, म्हणजे आले तर यायचे. त्यामुळे गावातल्या शेळीला सुई देण्यापासून म्हशीचं अडलेलं वासरू ओढण्यापर्यंत सगळं मामांच्या हातचं. खाकी पँट, पांढरा सदरा, अंगाला फिनाईलचा वास आणि बुडाखाली एक एम-एटी. गाडीच्या कॅरिअरला लसीचा बर्फाचा डबा बांधलेला असायचा, आणि त्यात लस सोडून सगळं असायचं. पेरू, बोरं, एकदा तर गार केलेली सीताफळं निघाली. मी खायला काचकूच केली, तर म्हणाले, "खा पोरी, ह्या डब्यातलं खाऊन कुणाला लाळ्या-खुरकूत झालेलं न्हाई."

ते पहिल्यांदा आले होते बदली रद्द करण्याचा अर्ज टाइप करायला. मी तेव्हा नुकतंच नेट लावून पडद्यावर वाचत होते. म्हणाले, "काय वाचून राहिली?"

"कविता आहे, मामा."

"वाच."

एकाकी मोगरा नावाच्या बाईंची होती. त्या अमेरिकेत राहायच्या आणि गावाकडच्या आठवणी लिहायच्या. कवितेत एक मेंढी होती, तिचं पिल्लू हरवलेलं, आणि तिच्या डोळ्यांतून सारखं पाणी वाहत होतं. मी मोठ्या भावनेनं वाचली. मामांनी शांतपणे विचारलं, "दोन्ही डोळ्यातून का एकाच?"

"दोन्ही असतील."

"चिकट का पातळ?"

"मामा, तसं कवितेत लिहिलेलं नाही."

"तकलीफ हीच हाय. मालक निम्मं सांगतच न्हाई. तिला निरोप धाडता येतो का? मंग लिव्ह. पाहणी केली. मेंढीचे डोळे आलेले आहेत. बोरिक पावडरच्या कोमट पाण्याने दिवसातून दोन वेळा धुणे. माशी बसू देऊ नये. जगंल."

मी गंमत म्हणून जसंच्या तसं टाइप केलं. तिथं नाव द्यावं लागायचं. मामा म्हणाले, "दवाखान्याचं दे, माझ्या नावाला कोण विचारतंय?" मग नाव पडलं 'गुरांचा दवाखाना, गोरेगाव'. मला वाटलं, आता आपल्याला हाकलून देतात. दुसऱ्या दिवशी बाईंचं उत्तर आलं. लिहिलं होतं, 'माझ्या कवितेतल्या मेंढीची आजवर कुणी इतकी काळजी केली नव्हती. तिला आता बरं आहे.' मी ते मामांना वाचून दाखवलं. मामांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. "फरक पडला म्हण की!" ते म्हणाले. "बोरिकनं पडतोच." अर्ज राहिला बाजूला. बदलीही मग आपोआप रद्द झाली, बहुतेक अर्ज न गेल्यामुळेच.

त्या दिवसापासून रोज दुपारी दवाखाना बंद करून मामा यायचे आणि कवितांची ओपीडी सुरू व्हायची. पडद्याकडं ते कधी बघायचे नाहीत. मला वाचायला लावायचे. डोळे मिटून, स्वतःच्याच मनगटावर दोन बोटं ठेवून ऐकायचे. मी एकदा विचारलं, "नाडी तुमची काहून बघता?" तर म्हणाले, "तिची लांब हाय, हात पोचत न्हाई." वाचून झालं की शेरा सांगायचे. कविता बरी असली तर 'चारा खाते'. शेवटचं कडवं फसलं असलं तर 'मागच्या डाव्या पायाने लंगडते'. हळुवार, अलवार, मखमली असले शब्द फार झाले की 'जंत झालेले आहेत, एक गोळी सकाळी उपाशीपोटी द्यावी'. आणि कवी खरंच सहा शब्द कापून परत कविता टाकायचे आणि खाली लिहायचे, 'गोळी दिली.' एकदा मौनरागच्या लांबलचक कवितेला मामा म्हणाले, "लिव्ह, पातळ हगून राहिली." मी साफ नकार दिला. म्हटलं, "मामा, तिथं बायामाणसं असतात."

"बायामाणसाच्या घरी गुरं नसतेत का?"

अर्धा तास वाद घालून 'पोट ठीक नाही' वर तोडगा निघाला. पण काहीही शेरा असो, शेवटचा शब्द ठरलेला, 'जगंल'. कसलीही भिकार कविता असो, मामा तिला मरू द्यायचे नाहीत. सगळ्यांत वरचा शेरा मात्र वेगळा होता, 'रवंथ करते'. तो मिळाला की पुढं 'जगंल' लिहावं लागायचं नाही. जनावर निवांत बसून रवंथ करतंय म्हणजे त्याला काही झालेलं नाही, एवढं तर आमच्याकडं लेकराला पण कळतं. पण तो शेरा तीन वर्षांत तीन-चार जणांच्या वर कुणाला मिळाला नसेल. पुण्या-नाशिकचे शिकलेसवरलेले लोक त्यासाठी झुरायचे. एका प्राध्यापकांनी तर लिहून विचारलं की रवंथ मिळवण्यासाठी नेमकं काय करावं लागेल. मामांनी उत्तर सांगितलं, 'तिला हाकू नका. बसू द्या.'

मला वाटलं मामा सगळ्यालाच जगंल म्हणतात. पण नाही. माझ्या कंप्यूटरला एक बॅटरी जोडलेली होती, लाइट गेल्यावर दहा मिनिटं तरी चालावं म्हणून. तिनं मान टाकली तेव्हा मी मामांना दाखवली. त्यांनी ती उचलून बघितली, वास घेतला, हलवली आणि खाली ठेवली. "ही न्हाई जगायची," म्हणाले. माझ्या ऐकण्यात मामांनी हातचं सोडलेलं एवढं एकच. अण्णांनी काही नवी आणून दिली नाही. लग्न जमेपर्यंतच्या दुकानात बॅटरी कशाला?

चांदणवेड्याची तऱ्हा तर सांगायलाच पाहिजे. ह्या गृहस्थाला दोन दिवस दाद मिळाली नाही की तो कविता सोडायचा. 'निरोप घेतो, मित्रांनो' असं मोठं पत्र टाकायचा आणि सगळे धावत सुटायचे, नका जाऊ, तुमच्याविना अंगण सुनं, वगैरे. मी पण दोनदा लिहिलं होतं. मामांनी ते पत्र ऐकलं आणि शेरा सांगितला, 'पाहणी केली. दोन दिवस चारा तोडावा. पाणी भरपूर. कुणी जवळ जाऊ नये. तिसऱ्या दिवशी आपोआप ओरडंल. जगंल.' तिसऱ्या दिवशी चांदणवेड्यानं तीन कविता टाकल्या. तेव्हापासून कुणी रुसलं की लोकच लिहायला लागले, चारा तोडा रे ह्याचा.

हे जगंलचं काय प्रकरण आहे, ते मी एकदा मामांना सरळ विचारलं. म्हटलं, "मामा, तुमी कसल्याबी कवितेला जगंल म्हणता. खोटं न्हाई का ते?" मामा हसले नाहीत. म्हणाले, नवीन नोकरीत असताना एक धनगराची बाई मेंढी घेऊन आली होती, चार कोसावरून, खांद्यावर टाकून. मामांनी बघितलं आणि शहाणपणानं सांगून टाकलं, न्हाई जगायची. बाईनं ती तिथंच दवाखान्याच्या भिंतीला टेकवून ठेवली आणि मागं न बघता निघून गेली. "पोरी, ती मेंढी सांजपतुर बघत होती ती गेली तिकडं. मरण्याइतकी आजारी न्हवती ती. मालकिणीनं हात सोडला, मंग तिनं सोडला." तेव्हापासून मामा आधी मालकाला औषध देतात. जगंल म्हणतात. मालक घरी नेतो, पाणी पाजतो, रात्री उठून बघतो. "निम्मी जगतेत," मामा म्हणाले. "निम्मी म्हणजे लई झाली."

मामांनी स्वतः एकच कविता केली. महिनाभर मागं लागल्यावर एकदा डोळे मिटून सांगितली आणि मी उतरवून घेतली.

शेळी आली, शेळीमागं म्हातारी आली
शेळीला ताप न्हवता, म्हातारीला होता
दवाखाना गुरांचा हाय, म्हणलं
म्हातारी म्हणली, मंग मी कुठं जाऊ आता

टाकली आणि मामा घाबरले. म्हणाले, "काढून घे, लोक काय म्हणतील?" दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. मीच दवाखान्यात गेले आणि ओढून आणलं. पडदा भरून उत्तरं आलेली होती आणि सगळ्यांनी एकच लिहिलं होतं. अमेरिकेहून, पुण्याहून, नाशिकहून, खाली खाली खाली एकच, 'पाहणी केली. जगेल.' 'पाहणी केली. जगेल.' मी वाचत गेले तसे मामा खाली मान घालून बसले. मग ज्या फडक्यानं बैलाचं नाक धरायचे त्याच फडक्यानं डोळे पुसले. "तीस वर्षं झाली नोकरीला," म्हणाले, "माझी पाहणी कवा कुणी केली न्हवती." मला पण रडू आलं. पार्टिशनपलीकडून अण्णांनी विचारलं, काय झालं? मामा म्हणाले, "काही न्हाई, युरिया डोळ्यात गेला."

आता माझ्याकडं येते. किती आडून बोलणार?

मी पण तिथं कविता टाकायची, माळावरच्या पिवळ्या फुलांच्या झुडपाचं 'तरवड' हे नाव घेऊन. हे अण्णांना माहीत नव्हतं, कारण कविता करणाऱ्या पोरींना चिठ्ठ्या येतात असं अण्णांचं मत होतं. मामांना पण माहीत नव्हतं. पण मामांची रीत अशी की नवीन आलेल्या कविता एकेक करून ओळीनं घ्यायच्या, एकही सोडायची नाही. त्यामुळं तरवडची कविता आली की ती मला, दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी, मामांना वाचून दाखवावी लागायची. मी ती जीप सुटल्यासारखी भरधाव वाचून टाकायची. मामा म्हणायचे, "जगंल." आणि मी माझ्याच कवितेखाली माझ्याच हातानं टाइप करायची, 'पाहणी केली. जगंल.' एकदा म्हणाले, "तरवड नाव बराबर ठेवलंय हिनं. शेळीसुदिक तोंड लावत न्हाई." मी हसले. काय करणार?

बाकीच्यांच्या अप्रतिम आणि सुरेख अशा पावत्या मला टोपलीनं मिळायच्या. पण त्या सगळ्यांनाच मिळायच्या, मी पण वाटायचीच की. मला पाहिजे होतं रवंथ. अण्णांनी तोवर स्थळं बघायला सुरुवात केली होती. कविता हे माझं खरंच काहीतरी आहे, का दुकानासारखाच लग्न जमेपर्यंतचा वेळकाढूपणा, हे मला कुणाकडून तरी ऐकायचं होतं, आणि ज्याच्या शब्दावर माझा विश्वास बसला असता असं माणूस सगळ्या जगात एकच होतं. ते माझ्या शेजारी स्टुलावर बसून पेरू खायचं.

मग मी आईची कविता लिहिली. एका दमात झाली आणि मला पहिल्यांदा वाटलं की हे बरं जमलंय. दुसऱ्या दिवशी मामांसमोर तिची पाळी आली. मी धापा टाकत वाचली. मामा म्हणाले, "जगंल. पुढची घे."

माझ्या आत काय झालं मला सांगता येत नाही. राग आला, रडू आलं, आणि बोटं आपोआप चालली. मी टाइप केलं, 'पाहणी केली. रवंथ करते.' आणि पुढची कविता वाचायला घेतली.

तिथं नुसता दंगा झाला. तरवडला रवंथ मिळालं! अभिनंदनावर अभिनंदन. एकाकी मोगरा बाईंनी लिहिलं, 'मी दोन वर्षं वाट बघतेय आणि तू पटकावलंस, पोरी!' आणि मी, जिनं ह्या दिवसासाठी एवढी तगमग केली, ती एकेक अभिनंदन वाचताना आमंत्रण नसलेल्या पंगतीला जेवायला बसल्यासारखी चोरट्यावानी झाले. घास खाली उतरेना.

मामा दर शनिवारी त्यांच्या सगळ्या शेऱ्यांची छापील प्रत घेऊन पिवळ्या फायलीत लावायचे. वरिष्ठांनी मागितली तर असावी म्हणून. कोणते वरिष्ठ कवितेचे शेरे मागणार होते, देव जाणे. मी ठरवलं होतं, ते पान गाळायचं. पण त्या शनिवारी मावसबहिणीची हळद निघाली आणि मला सेनगावला जावं लागलं. दुकानात अण्णा बसले. अण्णांना कंप्यूटरचं एकच बटण माहीत होतं, छापायचं. मामा आले, आणि अण्णांनी ते कागद संपेपर्यंत दाबलं.

सोमवारी मामा आले ते स्टुलावर बसलेच नाहीत. हातात कागद. "पोरी, मी जगंल म्हणलो होतो. इथं रवंथ लिवलंय."

मुद्दाम बदललं हे कळलं तर मामा परत मला एक अक्षर सांगणार नाहीत, आणि काहून बदललं हे कळलं तर मग अण्णांना कळायला किती वेळ? "चुकून झालं असंल, मामा," मी म्हटलं. आधी चोरी, वरून हे.

"चूक होती माणसाकडून," मामा म्हणाले. "पण समजून घे. जगंल हा धीर हाय. धीर कितीबी द्यावा, कमी होत न्हाई. रवंथ हा दाखला हाय. डोळ्यानं बघितल्याबिगर न्हाई देता येत. आता जनावर परत बघावं लागंल. वाच." आणि स्टुलावर बसता बसता म्हणाले, "आन एक सांग. ह्या तरवडची कविता तू नेमी पळवतीस. काहून? काही दुश्मनी हाय का तिच्यासंगं?"

"न्हाई."

"मंग हळू चालव. पळवल्यावर कुठल्या जनावराची चाल कळती?"

त्यांनी डोळे मिटले, मनगटावर बोटं ठेवली. मी कविता उघडली आणि पहिल्यांदा, अगदी पहिल्यांदा, माझी कविता हळू वाचली.

आई डाळ निवडते
खडा निघाला तर फेकत नाही
उंबऱ्यावर ठेवते, ओळीनं

मी विचारलं, काहून गं?
म्हणाली, डाळीसंगं एवढ्या लांबून आलाय
बसू दे घटकाभर

मग मी पण बसले खड्यांच्या ओळीत
आईनं वर न बघता
सूप जरा सरकवून घेतलं

वाचून झालं आणि मला जाणवलं की फारच शांत वाटतंय. पंखा थांबलेला. समोरची पिठाची गिरणी थांबलेली. मामांचे डोळे उघडे होते आणि ते पडद्याकडं बघत होते. तीन वर्षांत पहिल्यांदा. पडदा काळा कुळकुळीत.

"लाइट गेली," मामा हळूच म्हणाले.

"व्हय."

"दुसऱ्या ओळीलाच गेली."

पुढच्या सात ओळी मी काळ्या पडद्यावर बघून वाचल्या होत्या, एक शब्द न अडखळता. पलीकडं अण्णा कुणाला तरी खताचं समजावून सांगत होते. मामांनी एकदा पार्टिशनकडं बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं. हातातल्या कागदाला चार घड्या घालून तो खिशात टाकला, बाहेर गेले, एम-एटीला लाथ मारली आणि निघून गेले. जगंल सुद्धा म्हणाले नाहीत.

ते चार दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक. स्टूल रिकामं. चांदणवेड्यानं परत निरोप घेतला, त्याची पाहणी करायला कुणी नाही. मी रोज दुपारी एम-एटीच्या आवाजाकडं कान लावून बसायची आणि जीपचाच आवाज यायचा. मला भिंतीला टेकवून ठेवलेल्या त्या मेंढीचं सारखं आठवायचं. खोटं कशाला सांगू, मी तरवडचं खातं बंद करून टाकायचं ठरवलं होतं.

शुक्रवारी मामा आले. लाइट होती. स्टुलावर बसले, घसा साफ केला. "लिव्ह. दुरुस्ती. तरवड यांच्या कवितेवर मागे दिलेला शेरा टंकलेखकाच्या चुकीने गेलेला आहे. तो रद्द समजावा."

मी टाइप केलं. अक्षरं पाण्यात बुडाल्यासारखी दिसत होती.

"लिवलं?"

"लिवलं."

"वाच. हळू वाच."

मी हळू वाचलं. मामांनी मान हलवली. "आता त्याच्याखाली नवीन. पाहणी केली." आणि थांबले. मग टाइप करायचं नसलेल्या आवाजात, जरा माझ्याकडं वाकून, म्हणाले, "मंगळवारी आमची मंडळी डाळ निवडत होती. खडा निघाला, ती फेकाया लागली. म्या हात धरला. म्हणलं, थांब, लई लांबून आलाय, बसू दे घटकाभर. ती म्हणली, येडे झाले का तुमी? आज सकाळी बाहेर निघालो तर उंबऱ्यावर सात खडे. वळीनं. म्या ठेवलेला एकच, बाकीचे तिचे. चार दिवस झाले, पोरी, दोघायच्याबी तोंडात तेच हाय."

मी नाक ओढलं आणि विचारलं, "हे लिहू?"

"हे काहून लिवतीस? दाखल्यात असलं लिवत असतेत का? लिव्ह, रवंथ करते."

मी लिहिलं. दोनदा खोडावं लागलं.

"झालं, मामा."

"कुठं झालं? शेवटची वळ राहिली." आणि पलीकडं ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात सांगितलं, "टंकलेखकाला सक्त ताकीद देण्यात आलेली आहे."

पार्टिशनपलीकडून अण्णांनी विचारलं, "काय चुकलं हो पोरीचं, ड्रेसर?"

"काही न्हाई, अण्णा," मामा म्हणाले, "घाई करत होती. आता न्हाई करायची." आणि बर्फाच्या डब्यातून पेरू काढून माझ्यापुढं ठेवला.

मी डोळे पुसले आणि ती ताकीद सांगितली तशीच, एक अक्षर न बदलता, टाइप केली.